ऑपरेशननंतर अकराव्या दिवशी फुफ्फुसात गुठळी: एका रात्रीच्या निर्णयांचं प्रकरण

पार्श्वभूमी

रुग्ण ५४ वर्षांचे, वजन ७८ किलो, गावात पिठाची गिरणी चालवणारे. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मधुमेह नाही, बीपीची एक गोळी चालू, तंबाखू पाच वर्षांपूर्वी सोडलेली. दुचाकी घसरून डाव्या नडगीचं हाड गुडघ्याच्या सांध्यालगत मोडलं. तालुक्याच्या ठिकाणी प्लेट-स्क्रू बसवण्याचं ऑपरेशन झालं, ते व्यवस्थित झालं, आणि पाचव्या दिवशी ते घरी आले. सहा आठवडे पायावर भार द्यायचा नव्हता. दिवसाचा बहुतेक वेळ कॉटवर, लघवी-संडासपुरतं वॉकर घेऊन उठायचं.

घरी सोडताना अँटिबायोटिक, वेदनाशामक आणि कॅल्शियम लिहून दिलं होतं. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून द्यायचं औषध त्या यादीत नव्हतं. आठव्या दिवशी पत्नीच्या लक्षात आलं की डावी मांडीही सुजली आहे, पायजमा घट्ट होतोय. त्यांनी दवाखान्यात फोन केला. ‘ऑपरेशननंतर सूज येतेच, पाय उशीवर ठेवा,’ असं उत्तर मिळालं. ऑपरेशन गुडघ्याखाली आणि सूज मांडीला, हा फरक त्या फोनवर कुणी विचारला नाही.

अकराव्या दिवशी सकाळी सातच्या सुमारास संडासला जाऊन परतताना त्यांना एकाएकी धाप लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ते कॉटच्या कडेला कोसळले. मिनिटभरात शुद्ध आली, पण श्वास काही खाली बसेना.

तालुक्यात काय झालं

जवळच्या फिजिशियनकडे पोचले तेव्हा नाडी १२४, बीपी १०४/७०, ऑक्सिजन ८४ टक्के. छाती स्टेथोस्कोपने ऐकली तर दोन्ही बाजू स्वच्छ. ईसीजीत व्ही-१ ते व्ही-४ या लीडमध्ये (छातीवरच्या नोंदींत) टी-वेव्ह उलट्या (टी, एस, क्यू ही ईसीजीतल्या लाटांची नावं), ट्रोपोनिनचं, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या प्रथिनाचं, कार्ड पॉझिटिव्ह. पन्नाशीतला माणूस, जुना तंबाखूवाला, ट्रोपोनिन पॉझिटिव्ह. हार्ट अटॅकचा संशय येणं अगदी स्वाभाविक होतं. त्याप्रमाणे अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्हींचा सुरुवातीचा मोठा डोस दिला गेला. मग त्यांनी आम्हाला, म्हणजे शहरातल्या रुग्णालयात, ईसीजीचा फोटो पाठवून फोन केला.

हा या प्रकरणातला पहिला वळणबिंदू. ईसीजीत दोन गोष्टी हार्ट अटॅकशी जुळत नव्हत्या. लीड-१ मध्ये खोल एस, लीड-३ मध्ये क्यू आणि उलटी टी, ही जोडी होती. ती सगळ्यांत दिसत नाही, पण दिसली की थांबून विचार करायला लावते. त्याहून उपयोगी खूण म्हणजे टी-वेव्ह लीड-३ आणि व्ही-१ या दोन्हींत एकाच वेळी उलटी होती. हृदयाच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी तुंबल्यावर असं सहसा होत नाही, उजव्या कप्प्यावर ताण आला की होतं. शिवाय छाती स्वच्छ असून ऑक्सिजन ८४! हार्ट अटॅकने इतका ऑक्सिजन उतरला असता तर फुफ्फुसात पाणी ऐकू आलं असतं.

आम्ही फोनवरच दोन्ही मांड्या टेपने मोजायला सांगितल्या. डावी साडेचार सेंटिमीटर जास्त निघाली. त्याच फोनवर निदान बदललं: पायाच्या शिरेतली गुठळी सुटून फुफ्फुसाच्या धमनीत अडकली असावी. त्यांनी रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनचं ५००० युनिटचं इंजेक्शन शिरेतून दिलं, ऑक्सिजन लावला आणि १०८ ने पेशंट आमच्याकडे रवाना केला. त्या फिजिशियननी सीटीची वाट न बघता हेपॅरिन दिलं याचं मला मनापासून कौतुक वाटतं. संशय दाट असेल तर हेपॅरिन आधी आणि तपासणी नंतर हाच बरोबर क्रम आहे.

आमच्यापुढचा प्रश्न

साडेअकराला पेशंट आला. बीपी १०८/७४, नाडी ११८, सहा लिटर ऑक्सिजनवर ९३ टक्के. बोलत होते, पण वाक्य तोडून. बीपी टिकून असल्यामुळे सीटी करायला वाव होता. उजव्या मुख्य फुफ्फुस-धमनीत मोठी गुठळी आणि डाव्या खालच्या भागाच्या धमनीत दुसरी, असं सीटीत दिसलं. हृदयाचा उजवा कप्पा डाव्याच्या १.४ पट रुंद. टूडी एकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) उजवा कप्पा फुगलेला, मधला पडदा डावीकडे ढकललेला, आणि उजव्या कप्प्याच्या आकुंचनाचा जो आकडा १७ मिलिमीटर किंवा जास्त हवा तो १२. डॉपलरमध्ये (पायाच्या शिरांच्या सोनोग्राफीत) डाव्या मांडीच्या आणि गुडघ्यामागच्या शिरेत गुठळी. रक्तातलं लॅक्टेट (अवयवांना रक्त कमी पडलं की हे वाढतं) २.६.

म्हणजे बीपी ठीक, पण उजवा कप्पा थकलेला आणि ट्रोपोनिन वाढलेलं. युरोपियन कार्डिऑलॉजी सोसायटीच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत याला ‘मध्यम-उच्च धोका’ म्हणतात. हाच गट सगळ्यात फसवा. मॉनिटरवरचे आकडे नातेवाइकांना आणि नवख्या डॉक्टरांनाही धीर देतात, पण आतला हिशेब वेगळा असतो. उजवा कप्पा पातळ भिंतीचा, त्याला कमी दाबाविरुद्ध काम करायची सवय. समोरची धमनी अचानक तुंबली की तो फुगतो, मधला पडदा डावीकडे दाबतो, डाव्या कप्प्यात रक्त कमी भरतं आणि बीपी उतरतं. बीपी उतरलं की उजव्या कप्प्याच्या स्नायूलाच रक्त कमी मिळतं आणि तो आणखी फुगतो. हे चक्र एकदा फिरू लागलं की तासांचा नाही, मिनिटांचा खेळ असतो.

पर्याय

दुपारी मी म्हणजे फिजिशियन, कार्डिऑलॉजिस्ट, भूलतज्ज्ञ आणि ऑर्थोपेडिक सर्जन असे चौघं एकत्र बसलो. मोठ्या रुग्णालयांत अशा गाठीभेटीसाठी ठरलेलं पथक असतं. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलने २०१२ मध्ये ही पद्धत सुरू केली. आमच्याकडे पथक वगैरे नाही, पण चौघांनी एकाच वेळी एकाच फिल्मकडे बघणं शक्य होतं, तेवढं केलं.

नुसतं हेपॅरिन देऊन लक्ष ठेवायचं, हा पहिला पर्याय. या गटातल्या बहुतेकांना तेवढ्यावर उतार पडतो. शरीर स्वतः गुठळी विरघळवतं, हेपॅरिन नवी होऊ देत नाही.

शिरेतून गुठळी विरघळवणाऱ्या औषधाचा पूर्ण डोस, हा दुसरा. अल्टेप्लेझ असेल तर १०० मिलिग्रॅम दोन तासांत. याच गटातल्या सुमारे हजार रुग्णांवर झालेल्या पाइथो अभ्यासात (२०१४) टेनेक्टेप्लेझ हे तशाच जातीचं औषध दिल्यावर मृत्यू किंवा बीपी कोसळण्याचं प्रमाण ५.६ वरून २.६ टक्क्यांवर आलं. पण पक्षाघात ०.२ वरून २.४ टक्क्यांवर गेला आणि मेंदूबाहेरचा मोठा रक्तस्राव १.२ वरून ६.३ वर. आमच्या पेशंटचं ऑपरेशन अकरा दिवसांपूर्वीचं, तीन आठवड्यांच्या आतलं मोठं ऑपरेशन हा तसाही निषेध मानला जातो, आणि त्यावर सकाळी पोटात गेलेली दोन अँटिप्लेटलेट (रक्त पातळ करणारी) औषधं, म्हणजे अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल. ऑर्थोपेडिक सर्जन स्पष्ट म्हणाले, ‘गुडघ्यात रक्त साठलं तर मी पुन्हा उघडेन. पण पोटरीतला दाब वाढला तर पाय जाईल.’

तिसरा पर्याय कॅथेटरचा. जांघेतल्या शिरेतून नळी हृदयाच्या उजव्या बाजूने थेट फुफ्फुसाच्या धमनीत न्यायची, गुठळी ओढून काढायची किंवा फोडायची आणि गरजेनुसार तिथेच औषध थेंब-थेंब सोडायचं. डोस पूर्ण डोसाच्या दशांशाच्या आसपास. गुठळी ओढण्यासाठी खास बनवलेली मोठ्या तोंडाची उपकरणं आहेत, पण आमच्या कपाटात ती नव्हती. होते ते नेहमीचे गायडिंग कॅथेटर (साध्या नळ्या) आणि पिगटेल (वळलेल्या टोकाची नळी). या वास्तवाचा विचार केल्याशिवाय कागदावरचे पर्याय बोलण्यात अर्थ नाही.

छाती उघडून गुठळी काढणं चौथा. त्यासाठी लागणारी टीम शहरात नव्हती. मोठ्या शहरात हलवायचं तर रस्त्याने पाच तास, आणि बीपी कोसळलं तर अॅम्ब्युलन्समध्ये करण्यासारखं काहीच नाही. हा पर्याय लवकर बाजूला पडला.

कार्डिऑलॉजिस्टचं मत होतं की लगेच, उजेडी, सगळे ताजे असताना कॅथेटर टाकावा. भूलतज्ज्ञांचं आणि माझं मत होतं की बीपी टिकलंय तोवर हेपॅरिनला संधी द्यावी; फुगलेल्या उजव्या कप्प्यातून वायर नेणं हीसुद्धा विनाधोक गोष्ट नाही. शेवटी थांबायचं ठरलं. हेपॅरिन मात्र शिरेतून चालू ठेवायचं निवडलं, दिवसातून दोनदा त्वचेखाली द्यायचं नाही. कारण ते कधीही बंद करता येतं आणि प्रोटामिन या उताऱ्याने उतरवताही येतं.

संध्याकाळी केसपेपरवर काय लिहिलं

माझ्या मते या प्रकरणातलं सर्वांत महत्त्वाचं काम कॅथलॅबमध्ये (कॅथेटरच्या प्रक्रिया होतात त्या खोलीत) नाही, तर संध्याकाळी पाच वाजता आयसीयूच्या टेबलावर झालं. ‘लक्ष ठेवा, बिघडल्यास कळवा’ अशी ओळ आपल्याकडे रोज लिहिली जाते. बिघडणं म्हणजे काय हे मग रात्रपाळीच्या डॉक्टरने ठरवायचं, आणि साहेबांना झोपेतून उठवायचं की नाही या संकोचात वीस-पंचवीस मिनिटं जायची.

आम्ही मोठ्या अक्षरात लिहिलं: वरचं बीपी ९० च्या खाली पंधरा मिनिटं, किंवा बीपी चढवणारं नॉरअॅड्रेनलिन लावावं लागलं, किंवा नाडी सतत १३० च्या वर, किंवा लॅक्टेट ४ च्या पुढे. यांपैकी एक झालं तरी कॅथलॅब उघडायची, पुन्हा चर्चा करायची नाही. खाली फोन नंबर क्रमाने. त्याखाली दुसरी ओळ: हृदय बंद पडलं तर ऑपरेशन किती दिवसांपूर्वीचं हे न बघता अल्टेप्लेझ ५० मिलिग्रॅम एका दमात, आणि मसाज चालू. तिसरी: सलाईनचा भडिमार नको. चौथी: नळी घालून व्हेंटिलेटरवर घेण्याची घाई नको.

ब्लड ग्रुप जुळवून दोन पिशव्या राखून ठेवल्या. कॅथलॅबच्या टेक्निशियनला रात्री घरीच थांबायला सांगितलं. उजवी जांघ स्वच्छ करून ठेवली.

संमतीही तेव्हाच घेतली. पेशंट शुद्धीवर होते, पत्नी आणि धाकटे भाऊ सोबत होते. भाऊ म्हणाले, ‘साहेब, आता तर दादा बोलतायत, मग नळीबिळी कशाला?’ आम्ही सीटीची फिल्म लाइटवर लावून गुठळी दाखवली आणि सांगितलं, ‘आत्ता घालत नाही. पण रात्री बीपी पडलं तर तेव्हा समजावत बसायला वेळ नसेल. म्हणून आत्ता विचारतोय.’ वहिनींनी एकच प्रश्न विचारला: ‘नळी घातली तर ह्यांचा पाय राहील ना?’ पायाला धोका आहे, पण शिरेतून पूर्ण डोस देण्यापेक्षा कमी, हे खरं ते सांगितलं. सह्या झाल्या. खर्चाचा अंदाजही त्याच बैठकीत दिला, कारण पैशांची जुळवाजुळव रात्री दोन वाजता होत नाही.

रात्री

दोन वाजून दहा मिनिटांनी बेडपॅनवर जोर केल्यानंतर बीपी ८२/५८, नाडी १३६, हातपाय गार. ड्यूटी डॉक्टरने हात सलाईनच्या क्लॅम्पकडे नेला होता, तो केसपेपर बघून मागे घेतला आणि एकोचा प्रोब उचलला. पोटातली मोठी शीर टम्म फुगलेली, श्वासाबरोबर जराही न आकसणारी. अशा हृदयात आणखी पाणी ओतणं म्हणजे फुगलेल्या कप्प्याला आणखी फुगवणं. नॉरअॅड्रेनलिन सुरू झालं आणि पहिला फोन दोन वाजून अठरा मिनिटांनी गेला.

भूलतज्ज्ञ आले तेव्हा ऑक्सिजन ८७ होता आणि पेशंट घाबरून मास्क ओढत होते. व्हेंटिलेटरवर घेण्याचा मोह होण्यासारखीच वेळ होती. पण भुलीच्या औषधाने बीपी उतरतं आणि मशीनने छातीत ढकललेल्या हवेच्या दाबाने उजव्या कप्प्याचं काम आणखी अवघड होतं. असे काही पेशंट नळी घालतानाच जातात. त्यांनी जास्त प्रवाहाचा ऑक्सिजन लावला, उशाशी बसून राहिले आणि सबंध प्रक्रिया फक्त जांघेतल्या स्थानिक भुलीवर झाली.

कॅथलॅबमध्ये

उजव्या जांघेतल्या शिरेत सोनोग्राफीने बघून सुई घातली. धमनीला चुकून टोचलं असतं तर पुढचं सगळं रक्तस्रावाच्या हिशेबात अडकलं असतं, त्यामुळे अंदाजाने टोचणं या पेशंटमध्ये परवडणारं नव्हतं. डावा पाय वर्ज्यच होता, कारण गुठळी तिथेच होती.

उजव्या कप्प्यातून जाताना पिगटेल वापरला. त्याचं टोक वळलेलं असल्यामुळे तो झडपेच्या दोऱ्यांमधल्या फटीत शिरत नाही. सरळ टोकाची वायर शिरू शकते, आणि मागून मोठा कॅथेटर गेला तर झडप फाटते. मॉनिटरवर जादा ठोक्यांची एक लांब माळ आली, पिगटेल पुढे सरकताच थांबली. फुफ्फुस-धमनीतला दाब ५८/२४, सरासरी ३६. या आकड्याने आम्हाला धीर दिला, कारण ज्या उजव्या कप्प्याला आधी सवय नाही तो अचानक याहून फारसा दाब निर्माण करू शकत नाही. वरचा आकडा ६० च्या बराच पुढे असता तर गुठळ्या जुन्या, महिनोन्महिने साठलेल्या असण्याची शंका आली असती, आणि त्या कॅथेटरने निघत नाहीत.

मग गायडिंग कॅथेटर गुठळीपर्यंत नेऊन ५० मिलिलिटरच्या सिरिंजने ओढलं. काळपट लाल तुकडे गाळणीवर आले, सर्वांत मोठा करंगळीच्या पेराएवढा. तिसऱ्या ओढीनंतर नुसतं रक्त येऊ लागलं तेव्हा थांबलो. पिगटेल गुठळीत फिरवून ती मोडली. मोडलेले तुकडे पुढे जाऊन बारीक वाहिन्या तुंबवण्याचा धोका यात असतो, पण मुख्य धमनी मोकळी होणं जास्त गरजेचं होतं. बीपी ९६ झालं.

इथे दुसरा कठीण प्रश्न आला: औषध सोडायचं की नाही? नुसतं ओढून पुरेसं झालं होतं का? धमनीत अजून बरीच गुठळी दिसत होती आणि नॉरअॅड्रेनलिन कमी होत नव्हतं. कॅथेटर उजव्या धमनीत ठेवून अल्टेप्लेझ ताशी १ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त बारा तास, आणि तोवर हेपॅरिन अगदी कमी दराने, असं ठरलं.

पुढचे तास

आयसीयूत सिस्टरने मार्करने डाव्या गुडघ्याभोवती सुजेच्या कडेने रेघ आखली आणि शेजारी वेळ लिहिली. दर तासाला ती रेघ, पायाची बोटं हलतात का, पावलावरची नाडी लागते का आणि पोटरी दगडासारखी होते का, एवढं बघायचं होतं. मॉनिटरइतकीच ती रेघही महत्त्वाची होती.

सकाळी नऊपर्यंत नॉरअॅड्रेनलिन निम्म्यावर, अकराला बंद. दुपारी साडेबाराला सूज रेघेपुढे दोन बोटं सरकली होती, हिमोग्लोबिन ११.६ वरून ९.८. तेव्हा नऊ मिलिग्रॅम औषध गेलं होतं. बारा तास पुरे करायचे की थांबायचं? बीपी स्वतःच्या जोरावर ११६, नाडी ९८. जे मिळवायचं होतं ते मिळालं होतं. औषध तिथेच बंद केलं. कॅथेटर काढण्याआधी घेतलेला दाब ४०/१६, सरासरी २४.

हेपॅरिन चार तास बंद ठेवलं. ऑर्थोपेडिक सर्जननी पाय तपासला: जखमेखाली रक्त साठलं आहे, पण दाब वाढलेला नाही, उघडायची गरज नाही. रक्ताची एक पिशवी लागली. पायातली गुठळी वर फुफ्फुसात जाऊ नये म्हणून पोटातल्या मोठ्या शिरेत गाळणी बसवायची का, यावर बोलणं झालं. मांडीत गुठळी अजून होती. पण हेपॅरिन पुन्हा सुरू करता येत होतं, आणि ज्याला ते देता येतं त्याला गाळणीचा फायदा फारसा नाही. बसवलेली गाळणी काढायला पेशंट परत येत नाहीत, हाही आमच्याकडचा अनुभव आहे. हेपॅरिन पुन्हा सुरू झाल्यावर सूज वाढली असती तर मात्र काढता येणारी गाळणी बसवायचं ठरलं होतं. ती वेळ आली नाही.

निष्पत्ती

आमच्याकडे दाखल झाल्यापासून नवव्या दिवशी ते घरी गेले. अपिक्सॅबान ही रक्त गोठू न देणारी गोळी आठवडाभर मोठ्या डोसात आणि मग ५ मिलिग्रॅम दोनदा. कारण स्पष्ट आणि तात्पुरतं, त्यामुळे किमान तीन महिने. तीन महिन्यांनी टूडी एकोत उजवा कप्पा नेहमीच्या मापाचा, आकुंचनाचा आकडा २०. काही जणांत गुठळी पूर्ण विरघळत नाही आणि फुफ्फुसाचा दाब कायम चढा राहतो, म्हणून तोवर धाप टिकली असती तर पुढच्या तपासण्या केल्या असत्या. जिना चढताना धाप नव्हती. हाड जुळलं, थोडं लंगडतात, गिरणीवर पुन्हा बसतात.

काय वेगळं करता आलं असतं

सर्वांत आधीची आणि सर्वांत स्वस्त संधी डिस्चार्जच्या दिवशी होती. वय पन्नाशीपुढे, पायाचं मोडलेलं हाड, सहा आठवडे भार बंद. एवढ्यावरूनच गुठळीचा धोका मोजून प्रतिबंधक औषधाचा निर्णय लिहायला हवा होता, द्यायचं नसेल तर का नाही तेही. आणि डिस्चार्ज कार्डावर साध्या मराठीत: मांडी किंवा पोटरी वाढती सुजली, किंवा एकाएकी धाप लागली, तर फोनवर थांबू नका, त्याच दिवशी या. वहिनींनी आठव्या दिवशी नेमकं तेच सांगितलं होतं. तेव्हा डॉपलर झालं असतं तर पुढचं बरंच काही टळण्याची शक्यता होती, असं मला वाटतं.

तालुक्यात अॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेल देण्याआधी फोन झाला असता तर गुडघ्यातलं रक्त कदाचित कमी साठलं असतं. छाती स्वच्छ आणि ऑक्सिजन कमी, ही जोडी दिसली की ट्रोपोनिन पॉझिटिव्ह असलं तरी दोन मिनिटं थांबून पाय बघावेत.

आमच्याकडे बेडपॅनवर जोर होऊ नये म्हणून पोट साफ होण्याचं सौम्य औषध संध्याकाळीच द्यायला हवं होतं. आता अशा पेशंटच्या ऑर्डरमध्ये ते असतं. मोठ्या तोंडाचं कॅथेटर कपाटात ठेवण्याबद्दलही व्यवस्थापनाशी बोलणं चालू आहे. २०२४ च्या पीअरलेस अभ्यासात, गुठळी थेट ओढून काढलेल्यांची प्रकृती ढासळण्याचं आणि त्यांना आयसीयू लागण्याचं प्रमाण कॅथेटरमधून औषध सोडलेल्यांपेक्षा कमी होतं. मृत्यूंमध्ये मात्र फरक नव्हता. आमच्या पेशंटला तो कॅथेटर मिळाला असता तर औषध सोडावं लागलं नसतं आणि गुडघाही वाचला असता, हे कार्डिऑलॉजिस्टचं म्हणणं मला पटतं.

दुपारीच कॅथेटर टाकायला हवा होता का, यावर आमचं आजही एकमत नाही. कार्डिऑलॉजिस्टच्या मते लॅक्टेट २.६ आणि सकाळची अंधारी हीच सूचना होती. माझ्या मते त्याच आकड्यांचे बरेच पेशंट हेपॅरिनवरच सुधारतात आणि प्रत्येकाच्या हृदयात नळी घालणं योग्य नाही. तडजोड म्हणून आता एक बदल केला आहे: सकाळी शुद्ध हरपलेला आणि दुपारी लॅक्टेट २ च्या वर असलेला पेशंट असेल तर चार तासांनी लॅक्टेट आणि एको पुन्हा करायचे, आणि तेवढ्या वेळात सुधारणा दिसली नाही तर अंधार पडायच्या आत कॅथलॅबमध्ये न्यायचं.